खड्डे, थर आणि एक सिमेंटचं घर

ब्रिटनच्या आधुनिक कलेचा विषय निघाला की बहुतेक जण फॉर्मॅलिनमध्ये बुडवून प्रदर्शनात मांडलेल्या शार्कपासून सुरुवात करतात. नाहीतर ट्रेसी एमिननं कलाकृती म्हणून मांडलेल्या न आवरलेल्या बिछान्यापासून. गोष्ट चटपटीत होते, ऐकणाऱ्याला ‘याला काय कला म्हणायचं?’ असं विचारायची सोय होते आणि सांगणाऱ्याला आपण किती पुढारलेले, याचं समाधान मिळतं. मला विचाराल तर ही गोष्ट खड्ड्यांपासून सुरू होते. जर्मन विमानांनी लंडनमध्ये पाडलेल्या खड्ड्यांपासून.

नोकरीनिमित्त काही वर्षं मी लंडनमध्ये होते. ऑफिस थेम्सच्या काठी, मिलबँकला. टेट ब्रिटन हे ब्रिटिश कलेचं संग्रहालय हाकेच्या अंतरावर. तिथल्या कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. ‘फुकट ते पौष्टिक’ या न्यायानं, डबा लवकर आटपून दुपारच्या सुट्टीत आत घुसायची सवय लागली. मुख्य दार नदीकडे तोंड करून आहे, पण बाजूच्या ॲटरबरी स्ट्रीटवरून आलात तर दगडी भिंतीचे मोठमोठे टवके उडालेले दिसतात. बॉम्बहल्ल्याच्या खुणा. भिंत कधीच बुजवता आली असती. तशीच ठेवली आहे.

मी बांधकामातली बाई. स्ट्रक्चरल इंजिनिअर. चित्रातलं कळतं ते बेताचंच, पण पाया, तुळई, काँक्रीट दिसलं की पाय आपोआप थबकतात. ब्रिटिश चित्रकलेशी माझी ओळख या मागच्या दारानं झाली, त्यामुळे माझ्या गोष्टीतले नायकही जरा वेगळे आहेत.

७ सप्टेंबर १९४०पासून सलग ५७ रात्री लंडनवर बॉम्ब पडत होते. युद्ध संपलं तेव्हा कित्येक रस्त्यांवर ओळीतलं एक घर शाबूत, शेजारचं गायब, आणि शाबूत घराच्या बाहेरच्या भिंतीवर गेलेल्या शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीचा वॉलपेपर, अशी अवस्था होती. लगेच बांधायला घ्यावं तर सिमेंट नाही, लाकूड नाही, पोलाद नाही. खासगी बांधकामाला सरकारी परवाना लागायचा. ती परवाना पद्धत नोव्हेंबर १९५४मध्ये उठली आणि मग मात्र शहरभर खोदकाम सुरू झालं. म्हणजे आधी बॉम्बचे खड्डे, त्यात वर्षानुवर्षं माजलेलं रान, आणि मग नव्या इमारतींच्या तळघरांसाठी खणलेले त्याहून खोल खड्डे. त्या काळात लंडनमध्ये वाढलेल्या चित्रकाराला वेगळा निसर्ग शोधायला बाहेर जायची गरज नव्हती.

फ्रान्सिस बेकनपासून इतिहास सुरू करायचा रिवाज आहे, तो पाळते. एप्रिल १९४५मध्ये लेफेव्हर गॅलरीत त्यानं तीन फलक लावले. क्रुसाच्या पायथ्याशी असलेल्या आकृत्या, असा विषय. भडक नारिंगी पार्श्वभूमीवर लांब मानेचे, धड माणूस ना धड जनावर असे तीन जीव. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, एकाचं तोंड किंचाळायला वासलेलं. त्याच महिन्यात बेल्सनच्या छळछावणीची छायाचित्रं वर्तमानपत्रांत येऊ लागली होती. बेकन डब्लिनमध्ये जन्मलेला, दम्यामुळे शाळा धड न झालेला, चित्रकलेचं शिक्षण अजिबात नसलेला. तो थोर आहे, कबूल. पण मला त्याच्या चित्रांपुढे फार वेळ उभं राहवत नाही. तो आपल्याला घाबरवायचं ठरवून बसला आहे असं वाटतं, आणि ठरवून केलेल्या गोष्टीचा परिणाम दुसऱ्या भेटीत ओसरतो.

त्याच्या चित्रांपेक्षा त्याच्या स्टुडिओचं काय झालं, हे मला जास्त आवडतं. लंडनच्या रीस म्यूजमधली ती लहानशी खोली म्हणजे रंगांचे डबे, फाटके फोटो, पुस्तकं, चिंध्या, फाडलेले कॅनव्हास यांचा गुडघाभर ढीग. बेकन १९९२मध्ये गेल्यावर ती खोली डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीला मिळाली. त्यांनी पुरातत्त्वाचे लोक बोलावले. प्राचीन वस्तीचं उत्खनन करावं तसे नकाशे काढून, प्रत्येक वस्तूची जागा नोंदवून, सात हजारांवर वस्तू, भिंती, दारं, आणि धूळसुद्धा उचलून आयर्लंडला नेली आणि २००१मध्ये तो पसारा जिथल्या तिथे पुन्हा मांडून लोकांसाठी खुला केला. धूळ हलवण्याचं टेंडर काढायची वेळ माझ्यावर तरी अजून आलेली नाही.

माझा माणूस फ्रँक आउअरबाख. बर्लिनमधल्या ज्यू घरात १९३१मध्ये जन्मला. १९३९मध्ये, आठ वर्षं पुरी व्हायच्या सुमाराला, आईवडिलांनी त्याला एकट्याला इंग्लंडला पाठवून दिलं. सामान बांधताना आईनं काही वस्तूंवर लाल धाग्यानं खूण करून ठेवली होती: या आत्ता नाही, मोठा झाल्यावर वापरायच्या. आईवडील आउशवित्झला मारले गेले. मुलगा केंटमधल्या निर्वासित मुलांच्या शाळेत वाढला, लंडनला आला आणि दक्षिण लंडनच्या बरो पॉलिटेक्निकमध्ये डेव्हिड बॉम्बर्ग नावाच्या मास्तरांच्या वर्गात जाऊन बसला. हे बॉम्बर्ग एके काळी नावाजलेले आणि नंतर सगळ्यांनी विसरून टाकलेले चित्रकार. वस्तूचं वरचं रूप काढू नका, तिचं वजन काढा, असं काहीसं त्यांचं शिकवणं. इंजिनिअरला हे समजावून सांगावं लागत नाही.

आउअरबाख आणि त्याचा दोस्त लिऑन कॉसॉफ, दोघं बांधकामाच्या साइटवर जाऊन रेखाटनं करायचे. युद्धानंतरचं लंडन म्हणजे कडे, दऱ्या, डोंगर यांनी भरलेलं नाट्यमय निसर्गदृश्य होतं, अशा अर्थाचं आउअरबाखनं पुढे सांगितलं आहे. १९५२ ते १९६२ या दशकात त्यानं या साइट्सची चित्रं केली. अर्ल्स कोर्ट, साउथ बँकवरची शेल कंपनीची इमारत, लेस्टर स्क्वेअर. त्यातलं ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जॉन लुईस दुकानाच्या पुनर्बांधणीचं चित्र टेटकडे आहे. उंचीला माणसाहून मोठा फलक. समोरून पाहिलं तर पिवळट-तपकिरी चिखल आणि त्यात आडव्यातिडव्या रेघा, एवढंच. माझी पहिली प्रतिक्रिया होती की साइटवर पाऊस झालाय आणि पंप बंद पडलाय.

मग मी बाजूला जाऊन, भिंतीला जवळजवळ गाल लावून पाहिलं. रखवालदारानं खाकरून दाखवलं, पण तोवर जे दिसायचं ते दिसलं होतं. रंग फलकावर बोटभर जाडीनं चढलेला. त्यात कडे आहेत, घळी आहेत, आणि वरचा थर आधी सुकून खालचा ओला राहिल्यामुळे पृष्ठभागाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या आहेत. तुळयांच्या रेघा ब्रशनं ओढलेल्या नाहीत, चिखलात ओरबाडल्या आहेत. आणि थोडं मागे सरकल्यावर खोली उघडली. खरीखुरी, पंचवीस-तीस फूट खाली पाहतोय अशी. एवढा रंग काही चैन म्हणून थापलेला नव्हता. एकच चित्र महिनोन् महिने, जमेना म्हणून पुन्हा, पुन्हा त्यावरच काढत गेल्यामुळे ते साचत गेलं होतं. पिवळी माती, काव, काळा, पांढरा असे मातकट रंग वापरायचं कारणही साधं: ते स्वस्त होते. तांबडा नि निळा परवडत नव्हता.

पुढे साठच्या दशकाच्या अखेरीकडे त्यानं रीत बदलली. साचवत जाण्याऐवजी दिवसाचं काम पसंत पडलं नाही की सगळा रंग खरवडून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्यावरून सुरू. कॅमडनमधला स्टुडिओ त्यानं १९५४मध्ये कॉसॉफकडून घेतला आणि तिथंच सत्तर वर्षं काढली. वर्षातले ३६४ दिवस काम. बसायला येणारी माणसं ठरलेली, वार ठरलेले, ई.ओ.डब्ल्यू. या आद्याक्षरांनी चित्रांच्या नावांत येणारी स्त्री तर वर्षानुवर्षं आठवड्यातून तीनदा बसली. खरवडलेला रंग जमिनीवर पडून तिथंही थर चढला. आठवड्याभराचं काम एका संध्याकाळी खरवडून टाकण्याची छाती मला नाही. आमच्यात स्लॅब तोडायला सांगणाऱ्याला वेडा म्हणतात.

कॉसॉफ बेकरीवाल्याचा मुलगा, लंडनमध्येच जन्मलेला. त्यानं रेल्वेचे रूळ, किलबर्नचं भुयारी रेल्वेचं स्टेशन, स्पिटलफिल्ड्सचं चर्च आणि विल्सडेनचा मुलांनी गजबजलेला पोहण्याचा तलाव रंगवला. तो तलाव एकदा तरी पाहा. इतक्या जड हातानं रंगवलेलं चित्र आणि त्यातून येणारा पोरांचा गलका! डेव्हिड हॉकनी या चित्रकाराच्या कॅलिफोर्नियातल्या तलावाला, त्या १९६७च्या पाण्याच्या प्रसिद्ध उसळीला, पोस्टरांवर जागा मिळाली. विल्सडेनच्या तलावात मात्र माणसं आहेत.

हॉकनीचं नाव आलंच आहे तर जाहिराती-मासिकांतून विषय उचलणाऱ्या पॉप आर्टचंही उरकून टाकते. जानेवारी १९५६मध्ये आउअरबाखचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन बो आर्ट्स गॅलरीत झालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हाइटचॅपल गॅलरीत ‘धिस इज टुमॉरो’ हे प्रदर्शन भरलं. रिचर्ड हॅमिल्टननं त्याच्या कॅटलॉगसाठी केलेलं ते छोटंसं कोलाज सगळ्यांनी पाहिलेलं असतं: टेपरेकॉर्डर, डबाबंद मांस, व्हॅक्युम क्लीनर, एक पैलवान आणि एक नग्न बाई अशा चकचकीत सामानानं भरलेला दिवाणखाना. रेशनिंग सुटून जेमतेम दोन वर्षं झालेल्या देशात अमेरिकन मासिकांची कात्रणं म्हणजे केवढी चैन असेल! पण त्याच प्रदर्शनात शिल्पकार पाओलोझ्झी, छायाचित्रकार हेंडरसन आणि वास्तुविशारद स्मिथसन दाम्पत्यानं मिळून एक झोपडी उभारली होती, आणि तिच्या आसपास गंजक्या-मोडक्या वस्तू अशा पसरल्या होत्या की अणुबॉम्बनंतर उकरून काढल्यासारखं वाटावं. हॅमिल्टनचं घर सगळ्यांना आठवतं, ती झोपडी फारशी कुणाला नाही. चित्रकार ब्रिजेट रायलीच्या काळ्यापांढऱ्या चौकोनांवर मी जीव टाकते, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की मला घेरी येते, म्हणून तो विषय इथंच थांबवते.

१९७६मध्ये आर. बी. किताज या चित्रकारानं बेकन, ल्युशियन फ्रॉइड, आउअरबाख, कॉसॉफ वगैरे मंडळींना ‘स्कूल ऑफ लंडन’ असं नाव देऊन टाकलं. गंमत बघा. नाव देणारा अमेरिकन, बेकन डब्लिनचा, फ्रॉइड आणि आउअरबाख बर्लिनचे. लंडनचा म्हणावा असा कॉसॉफ, तोही निर्वासितांच्या पोटचा. इतक्या सगळ्यांना आत घेणाऱ्या या शाळेच्या पटावर एक नाव मात्र कुणी घातलं नाही, आणि ते आपल्याकडचं आहे.

फ्रान्सिस न्यूटन सूझा. गोव्यातल्या साळगावचा, १९२४चा जन्म. वडील लवकर गेले, आईनं मुंबईत शिवणकाम करून वाढवलं. देवीच्या आजारातून पोरगा वाचला म्हणून सेंट फ्रान्सिस झेवियरचं नाव लावलं. शाळेतून काढून टाकला, मग ‘छोडो भारत’ चळवळीपायी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधूनही काढून टाकला. १९४७मध्ये रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि १९४९मध्ये लंडन गाठलं. रेशनिंगचं, धुक्याचं, खड्ड्यांचं लंडन. पहिली वर्षं हलाखीत गेली. घर बायकोच्या कमाईवर चाललं. १९५५मध्ये दोन गोष्टी एकदम जुळून आल्या. कवी स्टीफन स्पेंडरनं ‘एन्काउंटर’ मासिकात त्याचा आत्मचरित्रपर लेख छापला आणि व्हिक्टर मस्ग्रेव्हच्या गॅलरी वनमधल्या प्रदर्शनातली सगळी चित्रं विकली गेली. कलासमीक्षक जॉन बर्जरनं त्याच्यावर लिहिलं. पुढची सात-आठ वर्षं सूझा हे लंडनमधलं बडं नाव होतं.

त्याचं १९५९चं ‘क्रुसिफिक्शन’ टेटकडे आहे. २०१८मध्ये टेट ब्रिटनच्या ‘ऑल टू ह्युमन’ प्रदर्शनात ते बेकन-फ्रॉइड-आउअरबाखच्या पंगतीत मांडलेलं पाहिलं. (हे मात्र तिकिटाचं होतं.) काळ्या जाड रेघा, काटे, वेदना. बेकनचा क्रूस देव न मानणाऱ्याचा आहे. सूझाच्या क्रुसामागे गोव्यातलं गावचं चर्च आहे, सोनेरी वस्त्रांतले पाद्री आहेत, आणि लहानपणी आजीचा हात धरून पाहिलेलं रक्ताळलेलं लाकूड आहे. देवाशी भांडायलाही देव आधी घरात असावा लागतो.

साठच्या दशकाच्या मध्याला त्यानं काळ्यावर काळं अशी चित्रं केली. त्यातलं एक मी पुढे मुंबईत पाहिलं. समोर उभं राहिल्यावर काळी पाटी. आउअरबाखनं लावलेल्या सवयीनं मी बाजूला गेले, आणि तिरप्या उजेडात रंगाचे वळ चमकले: डोळा, नाक, मानेचा उतार. रंगाच्या फरकावर चित्र उभंच नव्हतं. ते जाडीवर उभं होतं. मी सरकले की चेहरा पुसला जायचा, परत आले की यायचा. १९६६मध्ये ग्रोव्हनर गॅलरीत ही चित्रं लागली आणि १९६७मध्ये सूझा न्यूयॉर्कला निघून गेला. लंडननं त्याला त्यानंतर इतक्या झपाट्यानं विसरून टाकलं, की ‘ऑल टू ह्युमन’मधल्या त्या खोलीत माझ्या शेजारची इंग्रज बाई आपल्या मैत्रिणीला विचारत होती, हा कुठून आला? तो तिच्या शहरात अठरा वर्षं राहून गेला होता.

ग्रुपमधले शिल्पकार सदानंद बाकरे तर आपल्यालाही फारसे माहीत नाहीत. १९५१मध्ये लंडनला गेले, जवळपास पाव शतक तिथं काढलं आणि १९७५च्या सुमारास परत येऊन मुरूड-हर्णैला जाऊन राहिले, ते २००७मध्ये जाईपर्यंत. डॉल्फिन बघायला मुरूडला जाणाऱ्या किती गाड्यांतल्या किती माणसांनी हे नाव ऐकलं असेल, कोण जाणे. मीही दोनदा जाऊन डॉल्फिनच बघून आले आहे.

या विसरलेल्यांची बाजू मांडायला उभा राहिला तो एक सिव्हिल इंजिनिअर, हे लिहिताना मला व्यावसायिक अभिमान वाटतो. रशीद अराईन. शिक्षण कराचीत, १९६४मध्ये लंडनला आला. तुळया आणि कर्णाच्या आधारपट्ट्या यांच्या रचनेतून त्यानं साठच्या दशकात जाळीदार शिल्पं केली. आमच्या ट्रसचं ड्रॉइंग रंगवून जमिनीवर ठेवावं तशी. दहा वर्षांहून जास्त काळ खेटे घालून त्यानं १९८९मध्ये हेवर्ड गॅलरीत ‘दि अदर स्टोरी’ हे प्रदर्शन उभं केलं: ब्रिटनमध्ये काम केलेले आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई वंशाचे २४ कलावंत. सूझा त्यात होता. मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार अनिश कपूरनं भाग घ्यायला नकार दिला. वंशाच्या नावाखाली भरणाऱ्या प्रदर्शनात मी का बसू, हा त्याचा प्रश्न मला पटतो. आणि बाकीचे दरवाजे बंद असताना वेगळा दरवाजा पाडला नाही तर आत यायचं कसं, हा अराईनचा प्रश्नही पटतो. या वादात मी अजून कुठल्याच बाजूला गेलेले नाही. पुढे लुबैना हिमिड या कृष्णवर्णीय चित्रकर्तीला टर्नर पारितोषिक हा ब्रिटनच्या कलाजगतातला मोठा मान मिळाला ते २०१७मध्ये, वयाच्या ६३व्या वर्षी. त्याच वर्षी पारितोषिकाची पन्नाशीची वयोमर्यादा काढली होती म्हणून.

आता शार्कवाल्यांकडे येते. जहाजं कंटेनरची झाली, मोठी झाली, खाली टिलबरीला थांबू लागली आणि लंडनच्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या. १९८८मध्ये गोल्डस्मिथ्स कॉलेजचा डेमियन हर्स्ट नावाचा विद्यार्थी सरी डॉक्समधली पोर्ट ऑथॉरिटीची रिकामी इमारत मिळवतो, आपल्या मित्रांची कामं तिथं मांडतो आणि त्या प्रदर्शनाला ‘फ्रीझ’ म्हणतो. पैसे कुणी दिले, तर त्या गोदीच्या जमिनीचा विकास करायला नेमलेल्या महामंडळानं. पडीक जमिनीचा भाव वाढवायला चित्रकार उपयोगी पडतात, हे बिल्डर लोकांना कलासमीक्षकांच्या आधी कळलं होतं. पुढे चार्ल्स साची हा श्रीमंत संग्राहक आला, हर्स्टचा तो शार्क आला, १९९७मध्ये रॉयल अकॅडमीत ‘सेन्सेशन’ झालं. तो पहिला शार्क टाकीत कुजत गेला आणि २००६मध्ये बदलावा लागला. देखभालीचा विचार डिझाइनच्या वेळीच करायचा असतो.

त्या पिढीतली एकच कलाकृती मला रडवेली करते, आणि ती मी पाहिलेली नाही. पाहणं शक्यच नाही. पूर्व लंडनमधला बो भाग. ग्रोव्ह रोड. १३ जून १९४४ला लंडनवर पडलेला पहिला उडता बॉम्ब याच रस्त्यावरच्या रेल्वेपुलाला लागला. सहा माणसं गेली. पन्नासेक वर्षांनी त्याच रस्त्यावरची व्हिक्टोरियन चाळवजा घरांची ओळ बाग वाढवण्यासाठी पाडत होते. शेवटी एकच घर उरलं: १९३ नंबरचं. ते शिल्पकार रेचल व्हाइटरीडनं मागून घेतलं.

तिनं काय केलं, ते माझ्या भाषेत सांगते. घराचं घरच शटरिंग, म्हणजे काँक्रीटचा साचा, म्हणून वापरलं. आत नवा पाया भरला. भिंतींना आतून काँक्रीट चिकटू नये म्हणून लेप दिला, सळयांची जाळी बांधली आणि त्यावर काँक्रीट फवारलं. बोगद्यांच्या कामात करतात तसं. ते पक्कं झाल्यावर बाहेरच्या विटा, दारं, खिडक्या सोलून काढल्या. उरला तो घराच्या आतल्या पोकळीचा ठोकळा. तीन मजली, राखाडी. जिथं शेकोटी आत शिरलेली होती, तिथं आता फुगवटा बाहेर आलेला. खिडकीच्या काचा जिथं होत्या, तिथं काँक्रीटचे चौकोन. दाराच्या कडीचा, विजेच्या बटणाचा उलटा ठसा. माणसं ज्या हवेत वावरली, भांडली, झोपली, ती हवा घट्ट करून रस्त्यावर ठेवलेली, आणि आत जायला कुठंही वाट नाही.

काम ऑक्टोबर १९९३मध्ये पुरं झालं. २३ नोव्हेंबरला व्हाइटरीडला टर्नर पारितोषिक मिळालं: वीस हजार पौंड. के फाउंडेशन नावाच्या टवाळ जोडगोळीनं त्याच दिवशी तिला वर्षातली सर्वांत वाईट कलावंत म्हणून चाळीस हजार देऊ केले. आणि त्याच संध्याकाळी स्थानिक कौन्सिलनं घर पाडायचा ठराव केला. भिंतीवर कुणीतरी लिहिलं, ‘हे कशाला?’ खाली दुसऱ्यानं उत्तर दिलं, ‘का नको?’ ११ जानेवारी १९९४ला बुलडोझर आला. मी बसनं तिथं गेले तेव्हा हिरवळ होती, कुत्री फिरवणारी माणसं होती. कौन्सिलच्या लोकांना मी शिव्या घालणार नाही. घरांची टंचाई असलेल्या वस्तीत, आत जाता न येणारं घर उभं ठेवायला कोण तयार होईल? तरी ते काम बघून घेण्यासाठी मी वर्षभराचा बोनस दिला असता.

व्हाइटरीडनं पोकळी भरली, अनिश कपूरनं पोकळीच विकायला काढली. हे जरा खवचटपणे लिहिलंय, पण अगदी खोटं नाही. १९७९च्या भारतभेटीत त्यानं देवळांबाहेर, बाजारात रंगाच्या पुडीचे ढीग पाहिले आणि लंडनला परतून लाल, पिवळ्या, निळ्या कोरड्या रंगाची शिखरं जमिनीवर मांडली. ती कामं मला मनापासून आवडतात. सुरवंटाच्या पावलानंही मोडतील इतकी नाजूक. १९९०मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाला ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून गेला तेव्हा खडबडीत वालुकाश्माचे ठोकळे आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एक काळं भोक, ज्याचा तळ दिसत नाही. १९९२मध्ये जमिनीतच खड्डा केला, आतून असा काळा रंगवला की तो खड्डा आहे की काळा गालिचा हे कळू नये. २०१८मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात हे काम मांडलेलं असताना एक प्रेक्षक खरंच त्यात पडला. अडीच मीटर खोल. इस्पितळात न्यावं लागलं, नंतर बरा झाला. तिथं सूचनाफलक होता, माणूसही होता. कठडा नव्हता. साइटवर माझ्या हाताखालच्या पोरांना मी ही गोष्ट सेफ्टीच्या तासाला सांगते.

खणणं, भरणं, थापणं यांतलं काहीच न करणारा एक माणूस या यादीत बसवायचा आहे: रिचर्ड लाँग. आधी त्याच्या कॉलेजबद्दल. शिल्पकार अँथनी कॅरोनं १९६०च्या आसपास पूर्व लंडनच्या गोद्यांमधून भंगार पोलाद विकत आणून वेल्डिंग सुरू केलं, शिल्पाला चौथऱ्यावरून खाली उतरवलं आणि सेंट मार्टिन्स कॉलेजमध्ये पोरांची एक पिढी तुळयांवर वाढवली. त्याच कॉलेजातला लाँग १९६७मध्ये वॉटर्लूहून गाडीत बसला, मध्येच कुठंतरी उतरला, एका कुरणात सरळ रेषेत जात-येत राहिला आणि दबलेल्या गवताची पांढुरकी रेघ उन्हात दिसू लागल्यावर तिचा फोटो काढला. झालं शिल्प. वजन शून्य, खर्च गाडीच्या तिकिटाचा. हाच लाँग २००३मध्ये आपल्या डहाणू भागात वारल्यांच्या मुलखात चालला, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांच्याबरोबर त्याचं प्रदर्शन त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला भरलं. एकाच्या हाताला ब्रिस्टलच्या एव्हन नदीचा चिखल, दुसऱ्याच्या परंपरेत शेणामातीचं सारवण आणि तांदळाचं पीठ, दोघांकडे वर्तुळं. या जोडीबद्दल आपल्याकडे दिवाळी अंकांतून आणखी कितीतरी लिहून यायला हवं होतं. मला स्वतःला लाँगचं काम जरा जास्तच सात्त्विक वाटतं, पण म्हशांच्या तारपा नाचाच्या वर्तुळाशेजारी त्याचं वर्तुळ ठेवलं तर ते फारसं उघडं पडत नाही, एवढं श्रेय त्याला आहे.

आउअरबाख ११ नोव्हेंबर २०२४ला गेला, ९३व्या वर्षी. त्याआधी कोविडच्या टाळेबंदीत त्याची बसायला येणारी माणसं येईनाशी झाली. सत्तर वर्षांत ठरलेले वार पहिल्यांदाच मोकळे पडले. मग नव्वदीच्या घरातल्या या म्हाताऱ्यानं आरसा लावला आणि स्वतःचा चेहरा काढायला घेतला; २०२३मध्ये त्या वीस आत्मचित्रांचं प्रदर्शन झालं. स्वतःचा चेहरा त्याला आयुष्यभर कंटाळवाणा वाटत आला होता. आता डोळ्यांखाली पिशव्या आल्यात, सगळं लोंबायला लागलंय, त्यामुळे काम करायला बराच माल मिळतो, असं त्यानं मुलाखतीत सांगितलं.